मागच्या व्हरांड्यातली मंडळी

१२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी बातमी, ख्यालीखुशाली मागाहून. अप्पा बोलायला लागले!

आई गेल्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून ते खिडकीशी बसले ते बसलेच, हो-नाहीपलीकडे शब्द नाही, हे तू पाहून गेलासच. गेल्या आठवड्यात मी घरी विसरलेली छत्री द्यायला ते शाळेत आले. आमच्या मागच्या व्हरांड्यात मुलांना न्यायला आलेली मंडळी शाळा सुटायच्या कितीतरी आधीपासून बसलेली असतात. त्यातल्या लाँड्रीवाल्याने अप्पांना ओळखलं आणि बंद पडलेलं मनगटी घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. अप्पांनी तिथेच पायरीवर बसून ते उघडलं. आता रोज जातात. विणकाम घेऊन बसणाऱ्या एक आजी त्यांना म्हणाल्या म्हणे, की लोकांची घड्याळं नीट करता, मग स्वतःच्या शर्टाची बटणं वरखाली का? काल जेवताना हे सांगून अप्पा स्वतःच हसले. माझा घास हातातच राहिला.

एक विचारायचं होतं. शाळेने आजूबाजूच्या लोकांसाठी काय केलं, हे मला संस्थेच्या बैठकीत सांगायचंय. सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही, आणि हे तर दारात आपोआप उगवलंय. याला नीट रूप द्यावं का? की ही माझी हाव? तू सांग.

तूही आता चार ओळींच्या वर लिहीत जा.

तुझी धाकटी

२० जुलै

चि. छकुलीस (मुख्याध्यापिका झालीस म्हणून नाव बदलणार नाही),
अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवत होतो. अप्पा हसले, त्या ओळीशी कागद तिच्या हातात दिला, पुढचं तिने वाचलं.

रूप दे की! एवढा कीस कशाला पाडतेस? लहानपणीही खाऊ तोंडात टाकण्याआधी हा माझाच वाटा ना, असं तीनतीनदा विचारायचीस. अप्पांसारखा कारागीर आहे, चार जणांना शिकवू देत. मान मिळाला की उमेद वाढेल. फोटो पाठव.

चार ओळींच्या वर झालं, आता खूश राहा. अप्पांना माझा नमस्कार, तुला एक प्रेमाची टपली.

दादा

२८ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोटो पाठवत नाही. का, ते सांगते.

मी 'परिसर दुरुस्ती वर्ग' सुरू केला. व्हरांड्यातले बाक सभागृहात रांगेने मांडले, फलक रंगवून घेतला, संस्थेच्या अध्यक्षांना बोलावलं आणि अप्पांच्या हातात माईक दिला. ज्या माणसाने जन्मभर मान खाली घालून काम केलं, त्याला वर बघून बोलता येईना. लाँड्रीवाला शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. आजींना कुणा शिक्षिकेने विणकाम पिशवीत ठेवायला सांगितलं होतं. घड्याळ बंद पडलं तर माझ्याकडे आणा, एवढंच म्हणून अप्पा खाली बसले. टाळ्या झाल्या. माझं भाषण मात्र छान झालं. हे लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी अप्पा गेले नाहीत. विचारलं, तर म्हणाले, की वर्ग तुझा आहे, मी तिथे काय करू? पुन्हा खिडकी. मी फलक उतरवला, बाक होते तिथे नेऊन ठेवले. पण मंडळी आता घंटेच्या वेळीच येतात आणि फाटकाबाहेरूनच मुलं घेऊन जातात. मी जाऊन लाँड्रीवाल्याला म्हटलं, की बसा ना पूर्वीसारखे. तो एकदम सावरून उभा राहिला आणि म्हणाला, हो बाई, कसला कार्यक्रम आहे?

काय करू, लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल.

तुझी धाकटी

५ सप्टेंबर

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

रागावू कुणावर? शिकवू देत, असं मीच लिहिलं होतं. इतक्या लांबून मला अप्पांचा मान तेवढा दिसला. त्यांना तिथे काय आवडतंय, हे त्यांनाच विचारावं, असं आपल्या दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. वहिनी म्हणते, की तुम्ही भावंडं फार शिकलात.

आता काही करू नकोस. बोलावणी नकोत, आणि माफी मागायचा समारंभ तर मुळीच नको. तुला ओळखतो म्हणून सांगतो.

जेवत जा वेळेवर. पाठीशी आहे.

दादा

१४ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माफीचं भाषण मी खरंच लिहायला घेतलं होतं. तुझं पत्र आलं, तेव्हा फाडलं.

संस्थेच्या बैठकीत आमच्या वर्गाचं कौतुक झालं. बाकीच्या शाळांनीही असंच काही करावं, असं ठरलं. तो वर्ग एकच दिवस चालला, हे मी उठून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, सुरुवात तर झाली ना!

परतताना बस सिग्नलला थांबली, नेमकी लाँड्रीसमोर. दुकानात इस्त्रीच्या टेबलाभोवती उलट्या टाकलेल्या खोक्यांवर आमची व्हरांड्यातली सगळी मंडळी. मध्ये अप्पा, समोर एक भिंतीवरचं घड्याळ उघडून ठेवलेलं, आणि तोंडाचा पट्टा चालू. काय बोलत होते, काचेतून ऐकू आलं नाही. आजी इतक्या हसत होत्या, की त्यांनी विणकाम मांडीवर टाकून दिलं होतं. दुपारी पाय मोकळे करायला जातो, एवढंच ते मला सांगतात.

मी उतरायला उठलेही होते. पण मी आत गेले असते, तर सगळे उभे राहिले असते, कुणी माझ्यासाठी खुर्ची शोधायला धावलं असतं, आणि अप्पा गप्प झाले असते. मी परत बसले.

रात्री जेवताना विचारलं, दुपार कशी गेली. बरी, म्हणाले. मी भाजी वाढली.

अप्पा बरे आहेत, हे तुला कळावं म्हणून लिहिते. पुढच्या खेपेला येशील तेव्हा तुला कदाचित ते आपणहून सांगतील. तसं झालं, तर ते पहिल्यांदाच ऐकतोयस असं दाखव. मला ठाऊक आहे, हे त्यांना कळू देऊ नकोस.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी धाकटी