कागदापुरती धमकी

८ डिसेंबर, रविवार
माजी सरपंचांच्या पुतण्याची हळद. जालना रोडच्या मंगल कार्यालयात. डीजेनं कान गेले. धाकटे भावजी उशिरा आले. अंगात पांढरा शर्ट आणि तो चक्क आत खोचलेला! जन्मात या माणसानं शर्ट खोचला नाही, स्वतःच्या लग्नातसुद्धा बाहेरच होता. मग दिसलं. कमरेला काळं चामड्याचं पाकीट आणि त्यात ती वस्तू. फोटोला उभे राहिले की मुद्दाम त्या अंगानं वळायचे. लोकही शहाणे. "पिस्तुलाचं लायसन झालं का? पेढे कुठं?" जसं काही पोरगं झालं.

जाऊ, संगीता, बघत होती. कौतुकानं का घाबरून, मला कळलं नाही. हे मात्र हसत होते. लई हसत होते. म्हणजे ह्यांना आधीच माहीत होतं. मग मला का सांगितलं नाही?

१० डिसेंबर, मंगळवार
अंगणवाडीत खिचडी शिजत होती. शबाना, आमची मदतनीस, जवळ सरकली. "बाई, गुस्सा नक्को करो. तुमच्या मालकांनी खरंच भावाला जिवे मारायची धमकी दिली व्हय?"
माझ्या हातातली पळी तशीच राहिली. तिच्या नवऱ्याला पोलीस चौकीसमोरच्या टपरीवर कळलं म्हणे.

घरी आल्या आल्या ह्यांना धरलं. हे म्हणतात, "अगं, कागदापुरतं!" जिवाला धोका दाखवल्याशिवाय लायसन मिळत नाही. भावजी प्लॉटिंगच्या धंद्यात, पण धमकी द्यायला बिचाऱ्यांना कुणी शत्रूच नाही. मग दोघा भावांनी बसून ठरवलं, दादानं धमकी दिली असं दाखवायचं. तक्रार द्यायला दोघं एकाच गाडीवर गेले. येताना कचोरी खाऊन आले.

ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी म्हटलं, उद्या काही झालं तर? "भाऊ आहे माझा. काय होणार?" असं म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला.

२३ डिसेंबर, सोमवार
गावाला शर्ट खोचायची साथ आली आहे. (गाव कसलं, महानगरपालिकेत जाऊन किती वर्षं झाली, पण तोंडात गावच येतं.) टँकरवाला खोचतो. जिमवाला खोचतो. सोसायटीचा चेअरमन, ज्याची पँट एरवी घसरत असते, तोही. शबाना म्हणाली, सिल्लोडला तिचा भाऊ कापसाच्या व्यापारात आहे, "उधर भी सब कमर दिखाते फिरते बाई."

मला कळत नाही ते हे, की एवढ्या सगळ्यांना धमक्या दिल्या कुणी? शबानाला सगळं ठाऊक. टँकरवाल्यानं जिमवाल्याचं नाव दिलं, जिमवाल्यानं टँकरवाल्याचं. दोघं एकत्र चहा पिणारे! पण आज टपरीवरून येताना पाहिलं. दोघांनी भिंतीकडचा बाक धरला होता. रस्त्याकडं पाठ करून कुणी बसत नाही आता. रस्त्याकडची स्टुलं रिकामी.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
भावजी तिळगूळ घ्यायला आले. दरवर्षीसारखे ह्यांच्या पाया पडले. वाकताना एक हात पायाला आणि दुसरा कमरेवर, ती वस्तू घसरू नये म्हणून. "तिळगूळ घे, गोड बोल" म्हणताना ह्यांचे डोळे त्या हातावर होते.
मी म्हटलं, "भावजी, देवघराच्या दाराशी तरी काढून ठेवायची." हसले. "वहिनी, काढून ठेवता येत नाय. जबाबदारी असते."
संगीता आली नाही. डोकं दुखतंय म्हणे.

२९ जानेवारी, बुधवार
ह्यांनी पट्टा आणला. रुंद, चामड्याचा. आणि शर्ट खोचून पैठणला पाहुण्यांकडं गेले. विचारलं तर म्हणाले, पोट सुटलंय, म्हणून. पोट काय आज सुटलं? दहा वर्षं सुटलेलंच आहे. काहीतरी शिजतंय.

१७ फेब्रुवारी, सोमवार
झालं. ज्याची भीती होती तेच.

रस्त्याकडचा तुकडा. सासऱ्यांनी जाताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, हा थोरल्याचा. कागद नाही, तोंडचा शब्द. आज सकाळी भावजींनी तिथं सिमेंटचे खांब उभे केले. हे तरातरा गेले, मी मागून. ह्यांचा आवाज चढला. भावजी अगदी हळू बोलले, लहान पोराला समजावतात तसं.
"दादा, आवाज नको. आधीच एक तक्रार हाय तुझ्या नावावर."

एवढंच. कमरेला हातसुद्धा लावला नाही. हे मागं फिरले. मजूर बघत होते.

१८ फेब्रुवारी
सकाळी चहा गार झाला एवढ्यावरून ह्यांनी तांब्या भिंतीवर फेकला. माझ्या कानाजवळून गेला. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. नंतर स्वतःच फडकं घेऊन पाणी पुसत बसले. मला रडू येत होतं आणि रागही.

दिवसभर एकच डोक्यात. ही कागदापुरती धमकी पहिल्यांदा सुचली कुणाला? हे म्हणतात, त्याला. संगीताला फोन केला, ती म्हणते, "ताई, हे तर म्हणत होते दादांनीच आपण होऊन नाव दिलं." कोण खरं? तेव्हापासूनच त्या तुकड्यावर डोळा होता का? की लायसन आल्यावर सुचलं? की भावजी आपले सहज बोलून गेले आणि मीच भलतंच धरून बसले?
विश्वास गेला पानिपतात.

११ एप्रिल, शुक्रवार
ह्यांनीही अर्ज केला. मला आज कळलं, तेही शबानाकडून. धोका कुणापासून? भावापासून. "आणि ही धमकी खरीखुरी आहे," म्हणतात. मी लई बोलले. आपलेच दात, आपलेच ओठ, तुकडा गेला तर गेला, कोर्टात जा, पण ते घरात नको. तर म्हणे, "तुला काय कळतंय. रस्त्यानं चाललो तर लोक माझ्या कमरेकडं बघतात. काही नाही म्हणून बघतात."
हे मात्र खोटं नाही. मीही बघायला लागले आहे. आज किराणा दुकानात आधी कंबर बघितली, मग तोंड.

२ मे, शुक्रवार
शेजारच्या काळेबाईंकडं बारसं. संगीता समोरच बसली होती, बोललो नाही. बाळाला पाळण्यात घालताना तिनं नेहमीच्या सवयीनं हात पुढं केला, मी दुसऱ्या बाजूला गेले. घरी आल्यावर वाईट वाटलं. आम्ही एकमेकींची बाळंतपणं काढली.

१८ जून, बुधवार
हवालदार आले चौकशीला. चांगला माणूस वाटला. चहा घेतला. हे भडाभडा सांगत होते, पहिली तक्रार आम्ही ठरवून केली, ती खोटी. ही माझी मात्र खरी.
हवालदार म्हणाले, "पहिली खोटी म्हणता, मग ही खरी कशावरून?"
मग हवालदार माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही सरकारी कामातल्या. लेकरं सांभाळता. तुमच्या शब्दावर माझा विश्वास बसंल. दिरापासून तुमच्या घराला धोका हाय का?"
हे माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, भाजी करपतेय, आणि आत गेले. भाजी नव्हतीच चुलीवर. जाताना हवालदार सांगून गेले, परवा दहाला चौकीत या, एकट्या या.

"हो म्हणायचंस," हे म्हणाले. बास, एवढंच.

१९ जून, गुरुवार
संगीता आली. मागच्या दारानं. एवढ्या महिन्यांनी. हात धरून बसली. "ताई, नाय म्हणा. पाया पडते. दोन्हीकडं ते आलं तर एखाद्या दिवशी रागात..." पुढं रडायलाच लागली. मीही रडले. तिचं बरोबर आहे. हो म्हटलं की ती वस्तू या घरात येणार, आणि ह्यांचा राग मी पाहिला आहे. नाही म्हटलं की नवरा चौकीत खोटा पडतो, बायकोच्या तोंडून. तुकडाही गेला, मानही गेला. मग घरी येऊन माझं काय?

ती गेली आणि मेलं मनात आलंच, हिला भावजींनी पाठवलं असेल का? हिला चौकीचं कळलं कुठून? मी तर कुणाला बोलले नाही. शबानाला बोलले. शबाना सांगेल? नाही. सांगेलही. देवा, मी कुठल्या थराला गेले! बहिणीसारखी बाई रडून गेली आणि मी तिच्या डोळ्यांतलं पाणी तपासते आहे.

२० जून, शुक्रवार
अंगणवाडीला सुट्टी टाकली. साडी नेसून तयार आहे. हे कधीचे फाटकापाशी गाडी चालू करून उभे. मी सांगितलं, एकटीलाच बोलावलंय. "एकटी कशाला? मी आहे ना. शेजारी बसतो, तुला धीर येईल."
चौकीत खोटं बोलायचं नाही, एवढं पक्कं केलं आहे. भीती वाटते का म्हणून विचारलं तर वाटते म्हणेन. खरंच वाटते. पण कुणाची, असं त्या हवालदारानं विचारलं, आणि हे शेजारी बसलेले असले, तर?
हॉर्न वाजवतात. जाते.