अंथुर्ण्यातली माझी कोठी

४ जानेवारी १९५४, सोमवार. पणदरे. सकाळी ९.१०
नव्या वर्षाचे तीन दिवस विचारात गेले. वाया नव्हे. प्लॅन पक्का झाला.
लीला दिवाळीला माहेरी अंथुर्ण्याला गेली ती तिथंच आहे. तिचा निरोप एकच: आधी एक धंदा धरा, तो टिकवून दाखवा, मग न्यायला या. कोंबड्या, सायकल-दुरुस्ती आणि सोड्याच्या बाटल्या हे तिन्ही धंदे मी सोडले ते काळाच्या पुढं होते म्हणून, हे तिला कोण सांगणार! पण तिच्यावाचून घर खायला उठतं. इथं लिहायला लाज कसली? वाचतंय कोण?
मॅट्रिकला गणितात गचकलो, पण इतिहासात शाळेत पहिला होतो. इंग्रजानं काय केलं? तागडी घेऊन आला, बादशहाला सलाम ठोकला, सुरतेत कोठी घातली. पुढं मँचेस्टरचं यंत्राचं कापड आणून इथले माग बंद पाडले. आधी व्यापार, मग राज्य, मग यंत्र, की यंत्र आधी? ते नंतर बघू. तो जाऊन सहा वर्षं झाली. जागा रिकामीच आहे.

११ जानेवारी. सायंकाळी ६.४०
बारामतीत जुनं आईल-इंजिन आणि दळायचे दगड घेतले. इंजिन जरा खोकतं, पण अस्सल विलायती. पितळी पट्टीवर इंग्रजी अक्षरं आहेत.
अंथुर्ण्यात पिठाची गिरणी घालणार. इंजिन धडधडलं की घरोघरची जाती बंद. जाती बंद पडली की सगळं गाव माझ्या दारात. लीलासुद्धा.

२० जानेवारी. अंथुर्णे. दुपारी १२.१५
परवानगीसाठी दरबारात गेलो, म्हणजे सासऱ्यांकडे. संभाजीमामा गावातले वजनदार. नजराणा म्हणून बारामतीची जिलबी नेली. मामा म्हणाले, पाव्हणं, जागा कसली मागताय, गोठ्याशेजारची खोली तुमचीच हाय की. इतक्या झटपट सनद इंग्रजालाही मिळाली नव्हती!
लीला दारातूनच म्हणाली, किती दिस टिकतंय ते बघू. पण डोळे हसत होते. निदान मला तसं वाटलं.

२ फेब्रुवारी. सकाळी ८.००
उद्घाटन. नारळ फोडला. फर्स्टक्लास गर्दी. धान्याची पहिली पाटी सासूबाईंची. सासूकडं पैसे कसे मागणार? दुसरी चुलत सासूची. तिसरी बानूबाईची, ती लीलाची आत्या. म्हणाली, जावायानं गिरनी घातली, आमचं नशीब थोर. माझ्यावरून बोटं मोडली आणि पीठ घेऊन गेली.
आजचं सगळं शुभारंभात धरलं. उद्यापासून धंदा.

९ फेब्रुवारी. दुपारी २.३०
या गावात माझ्या नात्याबाहेरचं कुणी नाही! जावई एका घराचा नसतो, अख्ख्या गावाचा असतो, हे लग्नातच ध्यानात यायला हवं होतं. पैशाचं नाव काढलं की बाया तोंडाला पदर लावतात. अगं बया, जावाय मेव्हणीकडं पैसं मागतुया!
चुलत सासरे कुंडलिकराव गव्हाची दोन पोती टाकून वर मलाच जेवायला घेऊन गेले. पुरणपोळी. नाही म्हणवेना. आठ दिवस रोज नव्या घरी जेवतोय, पायजम्याची नाडी पुरेनाशी झालीय. इंग्रजाला ही अडचण नव्हती. त्याची सासुरवाडी इथं नव्हती.
निश्चय: उद्यापासून कडक.

१० फेब्रुवारी. रात्री ८.३०
कडक राहिलो. दुपारी कुंडलिकरावांनी बासुंदी पाठवली.

१८ फेब्रुवारी
इंजिनाच्या तेलासाठी मनगटी घड्याळ बारामतीत गहाण ठेवलं. आता वेळ लिहिता येणार नाही. जमेची बाजू: जाती खरंच बंद पडली. शेजारच्या सरुबाईनं तिचं जातं उलथं करून त्यावर तुळस ठेवलीय. प्लॅनचा हा भाग शंभर टक्के यशस्वी.

२४ फेब्रुवारी
तेल संपलं. उद्या गाशा गुंडाळून पणदऱ्याला जाणार. हा पराभव नव्हे, टेंपररी माघार.
लीलाला सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. ती रडली. म्हणाली, ह्यो बी सोडला? मग मला न्यायला येऊच नका.  एवढं वाईट इंजिन बंद पडल्यावरही वाटलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी
गेलो नाही. सकाळी लीला कुठूनसं तेल घेऊन आली, पदर खोचून गिरणीच्या दारात उभी राहिली. पहिली पाटी सासूबाईंचीच. लीला म्हणाली, आई, आधी पैसं, मग दळान. सासूबाई म्हणाल्या, पोटच्या पोरीनं आईकडं मागावं व्हय? लीला म्हणाली, जावायाला मागता येत न्हाय, लेकीला येतंय, मी गावाची लेक हाय. न्हाय जमत तर जातं सुलटं करा.
आता जातं ओढतंय कोण? दुपारपर्यंत रांग लागली. कुंडलिकराव मुठीत पैसे धरून रांगेत उभे होते. मी दारामागून हे धोरण मंजूर केलं.

१५ मार्च
घड्याळ सुटलं. लीलानं सोडवलं. तिच्याच मनगटावर आहे, इंजिनाची वेळ बघावी लागते म्हणून.

२८ मार्च
आज विषय काढला. धंदा धरला, टिकला, आता चल पणदऱ्याला. लीला हसली. म्हणाली, चालती गिरनी टाकून कशी येऊ? तुमीच ऱ्हावा की हितं. मागच्या महिन्यात रडलेली हीच का ती? विचार करतो म्हणालो. तोवर मामांनी पणदऱ्याहून माझी ट्रंक आणायला गाडी पाठवलीसुद्धा होती.

४ एप्रिल. पाडवा
सकाळपासून नवा सदरा घालून ओट्यावर बसलो. घरोघर गुढ्या, पुरणाचा वास. कुणाचंही बोलावणं आलं नाही. शेवटी बानूबाईला सहज विचारलं. ती म्हणाली, घरच्या मानसाला कोन बोलावतंय?
लीलानं वाढलं. माझ्या शेजारीच बसून जेवली. पाच महिन्यांनी. मला फार बरं वाटलं.
मग हात धुऊन म्हणाली, दळायचा दगड गुळगुळीत झालाय, त्याला छिन्नीनं टाकी लावायची हाय. उठा.
उठलो.