अकरा ते बारा

४ नोव्हेंबर, सोमवार

निघालो एकदाचे! साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर क्लिफर्डची कटकट चालू होती, की बोटीवरचा चहा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी असणार. केबिनमध्ये शिरला, पलंगावर बसून दोन उसळ्या मारल्या, दोन कप चहा प्याला आणि गप्प झाला.

आता नऊ दिवस नुसता समुद्र. तेरा तारखेला बार्बाडोस, तिथे आमची लेक हेझल न्यायला येणार. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी क्लिफर्डला विमान बंद केलंय, म्हणून हा सगळा थाट. त्याच्या बारा गोळ्या बरोबर आहेत. उद्यापासून रोज एक, बरोबर चोवीस तासांनी. त्यापुढच्या गोळ्या हेझलने तिकडे आणून ठेवल्यात. गोळी चुकली तर काय होईल ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय. म्हणून माझं तारीख दाखवणारं मनगटी घड्याळ मी घरच्या, ग्रिम्सबीच्या वेळेवरच ठेवणार. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं चारशे पोरांना वेळेवर जेवायला घातलंय मी. एक नवरा काय जड आहे!

६ नोव्हेंबर, बुधवार

आमच्या टेबलावर यॉर्कचे थर्केल नवरा-बायको असतात. बाई बोलघेवड्या, साहेब नुसते हसतात. ताटाला हात लावत नाहीत, बोट लागली असेल बिचाऱ्यांना. थर्केलबाईंनी विचारलं, पहिलीच खेप का. हो म्हटल्यावर अशा कौतुकाने बघत राहिल्या, जशी मी कालची नवरीच.

पश्चिमेला जाताना घड्याळं मागे घ्यावी लागतात. या बोटीवर ते काम दुपारी बाराला करतात आणि तेही गंमत करून. सगळे लाउंजमध्ये जमतात, करमणुकीचं बघणारा गॅरेथ माइकवर ओरडतो की कोणाला हवाय आणखी एक तास, हात वर! सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. बाराचे परत अकरा झाले. अकराचा चहा आणि शॉर्टब्रेड बिस्किटं पुन्हा आली. क्लिफर्ड खूश. म्हणाला, डोरीन, फुकटचा चहा आणि तोही दोनदा, असलं राज्य हवं!

९ नोव्हेंबर, शनिवार

आज काहीतरी चमत्कारिकच चाललंय. रोजच्यासारखी बाराला घड्याळं मागे घेतली. तासाभराने परत बारा वाजले, तर गॅरेथने परत विचारलं आणि परत सगळे हात वर. मला वाटलं चेष्टा करतायत. तिसऱ्यांदाही तेच. गॅरेथच्या प्रश्नमंजूषेतले प्रश्न तेच, आणि माणसं त्याच त्याच जागी हसतात. चौथ्यांदा मी हात मांडीवर ठेवला. कोणी काही विचारलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या लोकांचं हे असंच. रांगेत उभं केलं की रांग कशाची ते विचारायचं नाही, वाईट दिसतं. स्वतःचाच राग येतोय.

माझ्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहा. बाहेर ऊन डोक्यावर.

अजून ९ नोव्हेंबर. माझ्या घड्याळाने ११ तारीख

ऊन जागचं हललेलं नाही. जाडे पडदे ओढून झोपतो, उठतो, बाहेर तेच अकरा ते बारा. जेवण बारानंतर, म्हणजे जेवण नाहीच. चहा आणि शॉर्टब्रेड. क्लिफर्डचा कोट खांद्यांवर लोंबायला लागलाय.

कप्तानाला भेटायचंय म्हटलं. गॅरेथ गोड हसून म्हणाला की कप्तान बारानंतर भेटतात. हेझलला फोन लावायचा म्हटलं, तर फोनची खिडकीही बारानंतर उघडते. मग बारा वाजू द्या ना मेल्यांनो!

९ नोव्हेंबर. माझी १५

आजची दिली. एकच गोळी उरली.

बोटीवरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डबी बघितली, कॅलेंडर दाखवलं. आज नऊ तारीख, बाई. बारातल्या पाच गेल्या, सात असायला हव्यात. तुम्ही जास्त दिलेल्या दिसतात, आणखी देणं धोक्याचं. मी घड्याळ पुढे केलं. ते म्हणाले, ते घरचं झालं, इथली वेळ लावा. मी ओरडले, टेबलावर मुठी आपटल्या. माझं संपेपर्यंत ते शांतपणे थांबले, आणि मग माझ्यासाठी चहा मागवला.

माझी १७

गोळ्या संपल्या. क्लिफर्डचे ओठ निळसर दिसतात. दारापर्यंत जाताना दोनदा बसला.

लाउंजमध्ये उभी राहिले आणि हात जोडले. आज हात वर करू नका, बोट पोचू द्या, माझा माणूस जाईल हो! सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि हात वर केले. थर्केलबाई रडत होत्या, तरी त्यांचा हात वरच होता.

माझी १९

गेला. अकरा चाळीसला. खुर्चीत, माझ्या हातात हात—

बाराला त्यांनी हात वर केले. माझ्यासमोर. घड्याळं मागे घेतली. आणि क्लिफर्डने डोळे उघडले.

चहा मागितला. प्याला नाही. नुसता हसतो. हात गार. नाडी नाही. दहादा बघितली, नाही.

थर्केलबाईंनी कानाशी येऊन सांगितलं. त्यांचे साहेबही असेच, कधीपासूनचे ते त्यांनाही आठवत नाही. इथे प्रत्येकाचं कोणीतरी तसं आहे. आधी दिवसाला एकच तास मागे घेतला की पुरायचं, नऊ तारखेपासून पुरेना. आता बारा वाजून गेले की सगळी एकदम आडवी होणार, मग उठायची नाहीत. आणि आपलं माणूस असं परत उठलं, की त्यानंतरचा पहिला हात ज्याचा त्यानेच वर करायचा. तोवर दुसऱ्या कोणाचा चालत नाही. आता तुमची पाळी, म्हणाल्या.

तोच दिवस. पावणेबारा

बारा वाजले की किनारा आहे. हेझल आहे. गरम जेवण आहे.

बारा वाजले की क्लिफर्ड नाही. थर्केलसाहेब नाहीत. दाराजवळची ती लाल टोपीवाली नाही—

विचारलं त्याला, तुला काय हवंय रे? हसला. माझ्याकडे बघतो की माझ्या मागच्या भिंतीकडे, कळत नाही. पण डोळे त्याचेच आहेत. त्याचेच आहेत ना—

दोन मिनिटं

गॅरेथने विचारलं. एकही हात वर नाही. सगळे माझ्याकडे बघतायत. थर्केलबाई नवऱ्याला घट्ट धरून बसल्यात.

उजव्या हातात पेन आहे. लिहीत राहिले तर बारा वाजतील. नुसतं लिहीत राहायचं, काही करायचं नाही, आपोआप—

क्लिफर्डने मान वळवली. डोरीन म्हणाला. डोरीन.

एक मिनिट. मी पेन खाली ठे