टिटव्या, तुझ्या खिडकीखालून

प्रिय टिटव्यास, तुझ्यापेक्षा महिन्याने का होईना मोठा असल्यामुळे, भरघोस आशीर्वाद. वहिनींना नमस्कार, तुझ्या गुडघ्यांची चौकशी. माझी तब्येत ठणठणीत आहे (घरातल्यांचं मत वेगळं आहे, ते पुढे येईलच).

आपलं शहर कितपत उरलंय ते बघून कळव, असं तू लिहिलंस, म्हणून सोमवारी निघालो. गिरणीचा भोंगा गेल्याचं तुला ठाऊक आहेच. त्यामुळे सगळ्यांचे बारा एकदम वाजत नाहीत, ज्याचे त्याला वाजवून घ्यावे लागतात. वाचनालयाच्या जागी चष्म्यांचं दुकान आलंय (वाचायला काही उरलं नाही, पण दिसेल स्पष्ट). ज्या दुकानाच्या पायरीवर आपण कविता घोकायचो, तिच्यावर लोखंडी खिळे ठोकलेत, कुणी टेकू नये म्हणून. पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती हाती यावी आणि धडे सगळे असावेत, कविता तेवढ्या वगळलेल्या, तसं वाटलं बघ.

अशा उदास तंद्रीत तुझ्या घरापाशी पोचलो. तिथे आता काचेची उंच इमारत आहे. पण पाय नेमके जुन्या जागी थांबले, मान वर गेली आणि तोंडातून निघून गेलं, "ए टिटव्याऽऽ! खाली ये!" पूर्वी अशी हाक मारली की तू सोडून सगळी आळी डोकावायची आणि "अरे, जेवतोय तो!" हे तिसऱ्याच घरातून कळायचं. आता एकही खिडकी उघडली नाही (त्या उघडणाऱ्या नाहीतच म्हणे). आला तो रखवालदार.

"आजोबा, कुणाकडे जायचंय?"

म्हटलं, "टिटव्याकडे. पण तो इथे राहत नाही, तीस वर्षांपूर्वीच शहर सोडलं त्याने."

"मग हाक कशाला मारताय?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते फार लांबलचक होतं. त्या भल्या माणसाने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझ्याच मोबाइलवरून घरी फोन लावला.

मुलाने तडक डॉक्टरांकडे नेलं. स्मरणशक्ती शाबूत आहे हे पटवायला मी पाचवीची अख्खी कविता हावभावांसकट म्हटली. बाहेरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले. मग डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? म्हटलं, "हे अभ्यासक्रमात नव्हतं." झालं! "बाबा, यापुढे एकटं बाहेर पडायचं नाही," मुलाने फर्मान काढलं. सूनबाईने चपला फडताळात वर ठेवल्यात, माझा हात पोचत नाही तिथे. तेव्हा शहरातून काय काय गेलं म्हणून विचारशील, तर आता मीही त्यात धर. खिडकीतून रस्ता दिसतो. चालणारे भराभर चालतात, कुणी वर बघत नाही.

तुझा,
बाकावरचा शेजारी

ता. क. खरं काम राहिलंच. मुलाला एक फोन कर. सांग त्याला, तिथे उभं राहून ओरडणं ही आमची जन्माची खोड आहे, आजार नव्हे. तुझं ऐकेल तो. लहानपणी तुझ्या खांद्यावरून उतरायचा नाही.

ता. क. दुसरा. हाक मारून लगेच निघालो असतो, तर रखवालदार यायच्या आत कोपरा गाठला असता. तू जिना उतरतोयस, असं वाटून थांबलो होतो. हे मात्र मुलाला सांगू नकोस.