माई कुणाशी बोलतात

६ फेब्रुवारी १९९४, रविवार

घरीच जोडत आणलेल्या सिंथेसायझरचा तिसरा ऑसिलेटर अखेर सुरात आला. म्हणजे सकाळी येतो. ऊन तापलं की चढतो, कधी पाव सूर, कधी अर्धा. कपाटाचं मागचं फळकूट काढून टाकलं, जरा वारा लागेल. बायकोचं, म्हणजे श. चं, लग्नातलं कपाट. साड्यांच्या खणात आता फिल्टर आणि मिक्सर. तिने एकदाच विचारलं, "मग साड्या कुठे ठेवू?" नंतर विषय काढला नाही. उपकार आहेत.

नागेंद्रचा पिक्चर कन्नड, धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावाचा. एकही गाणं नाही. "विनायक सार, वाद्य ओळखू येता कामा नये. पाणी चढतंय असं नको. पाणी चढून झालंय, असं पाहिजे." बोलायला काय जातं. पण आजवर दुसऱ्यांच्या गाण्यांत कीबोर्ड बडवला. हे पहिलं माझं स्वतःचं. पाडव्याच्या आत द्यायचंय. फॅक्टरीने रजा दिली, तोंड वाकडं करून.

९ फेब्रु.

एस. पी. रोडवरून वायर आणि जॅक आणले, दिवसभर जोडणीच्या कॉर्ड बनवत बसलो. बोटं पोळली. नागेंद्र बघायला आला होता. त्याला सांगून दमलो की या यंत्रात काही साठवून ठेवता येत नाही. कुठली कॉर्ड कुठून कुठे गेली, कुठला खुंटा किती फिरवला, तेवढंच त्याचं गाणं. एक कॉर्ड उपटली की संपलं, पुन्हा तसंच लावलं तरी तेच येईल याची खात्री नाही. तो म्हणाला, "म्हणजे माणसासारखंच की." दिग्दर्शक लोकांना असं काहीतरी बोलावंच लागतं.

माईंच्या खाटेला लागून भिंत, भिंतीपलीकडे कपाट. श. ला काळजी, आईला आवाजाचा त्रास होईल. झाला तरी माई सांगणार कशा? गेल्याच्या गेल्या दिवाळीत झटका आला तेव्हापासून उजवा हात आणि वाचा दोन्ही गेलेली. बा, बा, एवढंच. समजतं सगळं. डोळ्यांत दिसतं.

१५ फेब्रु.

नीट लिहून ठेवतो.

श. शाळेत होती. दुपारी एक आवाज सापडला. दोन ऑसिलेटर जवळजवळ एकाच सुरावर, अगदी खाली, एकमेकांना घासत. त्यात थोडी खरखर, सगळं फिल्टरमधून. फिल्टरला मधूनच एखादा धक्का, कधी केवढा ते आपल्या हातात नाही, यंत्र आपलं आपण ठरवतं. तोंड मिटून कुणीतरी शब्द जुळवतंय असं वाटत होतं. खूश झालो. नागेंद्रचं पाणी सापडलं. तसंच चालू ठेवून चहा टाकायला उठलो.

मधल्या खोलीतून आवाज. "अगं हो. आहे ना."

मला वाटलं रेडिओ. रेडिओ बंद होता.

दारात जाऊन उभा राहिलो. माई भिंतीकडे बघत होत्या. तोंड वाकडं नव्हतं. पलीकडे आवाज घरंगळत खाली गेला, थांबला. माई म्हणाल्या, "नाही गं. बेंगळूरला. लेकीकडे." स्वच्छ. निपाणीकडचा तो त्यांचा हेल, जो मी विसरूनच गेलो होतो.

"माई," मी म्हटलं. त्यांनी वळून बघितलं. ओठ हलले. बा. बा.

१६ फेब्रु.

रात्रभर यंत्र चालूच होतं. बंद करायचा धीर झाला नाही.

सकाळी श. ने स्वतः ऐकलं. खाटेच्या कडेला बसून रडली, मग हसली, मग माईंना धरून प्रश्न विचारत सुटली. "माई, मी कोण? माई, पाणी हवंय तुला?" माईंनी तिचा हात थोपटला, बस्स. उत्तरं देतात ती भिंतीला. आपल्याला नाही.

१८ फेब्रु.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणे बोलणं गेलेली माणसंही गातात, सुराचा रस्ता डोक्यात वेगळा असतो. यंत्राच्या सुराने तो रस्ता उघडला असेल. "चालू ठेवा, नुकसान काही नाही." पटलं. परतताना बसमध्ये पटलेलंच होतं. घरात पाऊल टाकलं तर माई बोलत होत्या, "कोण? तो? जावई माझा. खटपट्या आहे, पण बरा आहे."

श. हसली. मला हसू आलं नाही. माझ्याबद्दल विचारलं कुणी?

२३ फेब्रु.

दुपारी करंट गेला. यंत्र गप्प. पंखाही. इतकं शांत की कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा खोकला ऐकू आला. माई बोलतच होत्या. "इतक्यात नाही म्हटलं ना." थांबल्या. ऐकत असल्यासारखी मान हलवली. "इतक्यात नाही."

करंट आला तेव्हा ऑसिलेटर थंड झालेले, सूर उतरायलाच हवा होता. रोज उतरतो. ट्यूनिंग फोर्क लावून बघितला. केसभरही हललेला नाही.

२४ फेब्रु.

शेजारच्या सरोजक्का फाटकाशी भेटल्या. "अण्णा, यारु बंदिदारे मनेगे?" घरी कोण आलंय?

कुणी नाही म्हटलं. सासूबाई बोलतात अलीकडे, देवाची कृपा.

"ते ऐकलं हो. छान झालं. पण दोघी बोलत होत्या ना? कपडे वाळत घालताना ऐकलं मी. इब्बरु." दोन बोटं वर केली.

मी यंत्र, फिल्टर असलं काहीतरी सांगायला लागलो. "सरी, सरी," बरं बरं म्हणत त्या आत गेल्या. श. ला सांगितलं नाही.

२ मार्च

नागेंद्र. पाण्याचा आवाज ऐकून उडालाच. "सार, हेच. हेच!" पण आता बाकीची रिळं? बाजाराचा सीन, शाळेचा, बोटीचा. त्याचं बरोबर आहे. ऑसिलेटर तीन, फिल्टर एक. दुसरं काही करायचं तर हे मोडायला हवं. दुसरा संच करावा म्हणून पुन्हा एस. पी. रोड पालथा घातला, त्या आयसी कुठेच नाहीत. "नेक्स्ट मंथ सार." पुढच्या महिन्यात पाडवा.

टेप करून माईंना ऐकवून बघितली. माझ्या कानाला तंतोतंत तोच आवाज. माईंनी तोंड फिरवलं. गप्प. यंत्र लावलं, की लगेच, "हां, बोल."

३ मार्च

श. शी बोललो. तिला वाटतं तसा मी दगड नाही. म्हटलं, पिक्चर संपला की पुन्हा असंच लावू, खुंट्यांच्या खुणा करून ठेवतो.

ती भांडी घासत होती. न वळता म्हणाली, "काढू नका."

"अगं, पण तुझ्याशी कुठे बोलतात त्या?"

"माझ्याशी नाही बोलत. कुणीतरी तिला बोलावतंय, आणि ती नाही म्हणतीय. ऐकता ना तुम्ही रोज?" मग वळली, हात राखेने भरलेले. "तुम्ही यंत्र बंद केलं म्हणून ते बोलावायचं थांबणार आहे का? आईला फक्त नाही म्हणता येणार नाही."

मी टेस्टिंग खात्यातला माणूस. व्होल्टेज मोजतो.

तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

९ मार्च

काही झालं नाही. नागेंद्रचा फोन, सरोजक्कांच्या घरी. घेतला नाही.

दुपारी कपाटासमोर बसून होतो. लक्ष देऊन ऐकलं तर आवाजात चढउतार आहेत, प्रश्न विचारल्यासारखे शेवटी वर जातात. योगायोग म्हणावं, तर माईंचं उत्तर दरवेळी त्यानंतरच कसं? आणि आवाज पुन्हा सुरू होतो तो त्यांचं बोलून झाल्यावरच. मध्ये कधी नाही. माझ्या सर्किटला कान नाहीत. मीच बनवलंय, मला माहीत आहे.

१३ मार्च, रविवार

आज वेगळं. माई चिडल्या होत्या. मी आणि श. दोघंही खोलीत.

"तिला नको हं." मग पुन्हा, जोरात, "तिला हात लावायचा नाही. माझी एकुलती एक आहे ती." डाव्या हाताने श. चं मनगट घट्ट धरलेलं. पलीकडे आवाज खूप खाली गेलेला, खिडकीची काच थरथरत होती. बराच वेळ. माई ऐकत होत्या.

मग हळू, अगदी बाजारात भाव पटत आल्यावर म्हणावं तसं, "बरं. बघू."

श. चं मनगट लाल झालं होतं.

१४ मार्च

सकाळी चहा देत होतो. माईंनी माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे नाही. म्हणाल्या, "विनायक, ते बंद करा आता."

दीड वर्षात पहिल्यांदा माझं नाव. कप खाली ठेवला. श. धावत आली.

"बंद करू, माई? नक्की?"

"हो. ठरलं."

"काय ठरलं?" श. ने विचारलं.

"चहात साखर कमी आहे," माई म्हणाल्या.

आत जाऊन मी एकेक करून कॉर्ड काढल्या. शेवटची उपटली तरी आवाज क्षणभर राहिला. कंडेन्सरमध्ये राहते थोडी वीज. असं होतं.

१७ मार्च

यंत्र बंद आणि माई बोलतात! आमच्याशी. अडखळत, पण बोलतात. भात मऊ झाला, पंखा हळू करा, सरोजला बोलवा. श. शाळेतून येताना जवळजवळ पळत येते. बशा आपटत गाणं म्हणते. डॉक्टर म्हणतात, असं कधीकधी होतं. मीही तेच म्हणतो.

फक्त कुणाशी बोलत होतात विचारलं की माई खिडकीबाहेर बघतात.

२५ मार्च

बाजाराचा सीन झाला, शाळेचा झाला. बोटीसाठी नुसती खरखर आणि एक लांब उतरता सूर. जन्मात इतकं चांगलं काही केलं नाही. आपलं आपण सुचत जातंय, हात नुसते चालतात. नागेंद्रने ऐकून झाल्यावर उठून खांद्यावर हात ठेवला. मिक्सिंग मद्रासला. तीस तारखेला निघायचं, मी आणि तो.

माई हल्ली माझी फार काळजी घेतात. पानात आधी मला वाढायला लावतात. श. चेष्टा करते, जावयाचे लाड चाललेत.

२९ मार्च

संध्याकाळी टेपा नीट बांधून ठेवल्या. मधल्या खोलीत श. माईंचे केस विंचरत होती. माईंनीच सांगितलं होतं, नीट वेणी घाल, चांगलं पातळ काढ.

श. ने सहज विचारलं, "का गं माई, कुठे जायचंय का तुला?"

"मला नाही."

फणी थांबली. मी दारात होतो. श. ने माझ्याकडे बघितलं. माईंनी नाही बघितलं. मांडीवरच्या पातळाची घडी त्या डाव्या हाताने सरळ करत राहिल्या.

नंतर स्वयंपाकघरात श. म्हणाली, "नागेंद्र एकटा नाही का जाऊ शकत?"

म्हटलं, मिक्सिंग आहे, माझ्याशिवाय कसं होईल? तिलाही माहीत आहे. डबा करायला घेतला तिने. भाजी चिरताना सारखी थांबत होती.

"तुम्हाला काय वाटतं, ती कशाबद्दल म्हणाली?"

"म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, शरयू."

लिहिताना मात्र शरयू असं पूर्ण नाव लिहिलं गेलं. एरवी लिहीत नाही.

३० मार्च, सकाळ

रिक्षा फाटकाशी उभी आहे, नागेंद्र आत बसलाय, दोन ओळी लिहितो. श. ने दही हातावर घातलं. तिचे डोळे सुजलेत, झोपली नसावी.

माईंना वाकून नमस्कार केला. डोक्यावर हात ठेवला त्यांनी, बराच वेळ काढला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, पुसत नव्हत्या. घाईत माझ्या तोंडून निघालं, "जातो माई." एरवी येतो म्हणतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा असं चुकलो होतो, तर त्यांनी मला उंबऱ्यातून परत बोलावून "येतो म्हणावं" म्हणून म्हणायला लावलं होतं.

थांबलो मी. वाट बघितली.

माईंनी टोकलं नाही.