वरच्या दाराचं पाणी

१२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पाणी पोचलं. मापाला तंतोतंत, पण त्याला वास येतो रे. प्रयोगशाळेत नमुन्याची बाटली उघडण्याआधी मी खिडकी उघडते. असंच राहिलं तर महिनाअखेर नदीवरचा पिण्याच्या पाण्याचा पंप कायमचा बंद होणार आणि काठावरची वस्ती हलवणार, आपल्या घरासकट. आईने ट्रंक भरायला घेतली आहे. मध्येच थांबते आणि नदीकडे बघत बसते. म्हणाली, स्वप्नात नदी जिना चढून वर आली आणि पायरीवर बसली.

धरणाच्या दारांवर तू साहेब. गिरणीला किती, शेतांना किती, आम्हाला किती, हे तू झोपेतही सांगशील. पण कसलं पाणी देतोस, हे कधी बघितलंस का? लहानपणी दप्तर गच्च भरून निघायचास आणि आत वह्या कालच्याच! रागावू नकोस, पण काहीतरी कर.

लोभ उतू गेला तरी चालेल.
तुझी,
छोटी

१७ एप्रिल

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो. मग होडी काढून जलाशयात गेलो. वरचं पाणी इतकं निवळ होतं, की ढग वर आहेत की खाली तेच कळेना. बराच वेळ वल्ही सोडून बसून राहिलो. मग तळाचं पाणी ओढून काढलं आणि नाक दाबलं. तुम्हाला जातं ते हेच.

आम्ही सगळ्यांना तळाच्या दारातूनच सोडतो, कारण मोजयंत्र तिथेच बसवलंय. कोणाला थेंबभर कमी दिलं असं होऊ नये, एवढीच मला धास्ती. पण तिथे ऊन नाही, वारा नाही. पाणी शिळं होतं.

आता तळाचं पाणी कालव्याने शेतांना देतो, पिकांना ते मानवतं. तुम्हाला वरच्या दारातून. ते जरा कमी येईल, किती ते मोजता येणार नाही. वरिष्ठांना विचारत बसलो तर महिना उलटेल, म्हणून उद्याच सोडतो. आईला म्हणावं, ट्रंकेला कुलूप लावू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नये.
तुझा,
दादा

२ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाणी आलं! टाकीच्या तळाच्या फरशा दिसायला लागल्या. चाचणी पुन्हा पुन्हा केली, विश्वासच बसेना. पंप राहिला, वस्ती राहिली. आई दिवसभर ट्रंक उपसत होती, अगदी हळूहळू, झोपेत चालल्यासारखी. मीही कामावर जायचं विसरून पाण्यात पाय सोडून बसले.

आणि आज कळलं, न मोजता पाणी सोडलं म्हणून तुला दारांवरून हटवलंय, लेखी खुलासा मागितलाय. मला रडू आवरेना. नमुन्यांच्या अहवालावर सही माझी आहे, मी तुझ्या बाजूने येऊन उभी राहीन.

आईला सांगणार नव्हते, पण तिच्यापुढे माझं काही लपत नाही. तिने शांतपणे ऐकलं, नळाखाली भांडं धरलं, सावकाश प्यायली. मग मला लिहून घ्यायला लावलं. खुलाशात हेच घालायचं म्हणते, एक अक्षर न बदलता: पाणी कमी पडलं नाही, मी पोटभर प्यायले.

तुझी,
छोटी