त्रेचाळीस सालची रायफल

प्रति,
मा. शस्त्र नोंदणी अधिकारी,
जिल्हा पोलीस कार्यालय,
बरिनगा, न्यू साउथ वेल्स.

विषय : कै. लेस्ली पॅस्को यांची रायफल नष्ट न करता 'युद्धस्मृती' म्हणून परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या तपासनिसांचा मे १९९८ चा अहवाल.

महोदय,

१. सदर रायफल माझे चुलते लेस्ली पॅस्को यांची असून ते १९४२ साली न्यू गिनीच्या लढाईत कामी आले. त्यांचा देह, कपडे, सामान यांपैकी काहीही घरी आले नाही. आली ती ही रायफल, तीही दहा वर्षांनी, रेल्वेच्या पार्सलने. तेव्हापासून ती त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या काकू आयव्ही पॅस्को, यांच्या बैठकीच्या खोलीत चुलत्यांच्या फोटोखाली असते. काकू दर रविवारी तिला तेल देतात. आम्हा मुलांना तिला हात लावायची मुभा नव्हती आणि मी पन्नाशीला आले तरी नाही. बंदुकांच्या नव्या कायद्याचा मान राखून मीच ती तपासणीसाठी आपल्याकडे पोचती केली, याचा मला आता पश्चात्ताप होत आहे.

२. अहवालानुसार सदर रायफल ही लष्कराने मोडीत काढलेली, नंतर खासगी कारखान्यात फेरफार करून दुकानातून विकलेली शिकारी बंदूक आहे. पुढचे लाकूड अर्ध्यावर कापलेले आहे, नळी नवी बसवलेली असून तिचे छिद्र लष्करी गोळीला पुरणार नाही इतके बारीक आहे, आणि नेम धरायची पट्टी कारखान्याच्या नमुन्याची आहे. युद्धस्मृती म्हणून फक्त मूळ लष्करी रायफल ठेवता येते. शिकारी बंदुकीला परवाना लागतो. काकूंनी आयुष्यात ससाही मारलेला नाही, त्यामुळे बंदूक यंत्रात घालून चिरडण्यात येईल, असे आपण कळवले आहे.

३. याबाबत माझे वडील, लेस्ली यांचे धाकटे भाऊ क्लॅरेन्स पॅस्को, यांनी वेळोवेळी केलेला खुलासा सादर करते. लाकडाविषयी ते म्हणत, "पार्सलात मावेना, म्हणून लष्करानंच कापली." छिद्राविषयी म्हणत, "जंगलातल्या दमट हवेनं नळी आतून सुजलीय." हे खुलासे आमच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षे चालले. कागदावर ते कसे दिसतात हे मला दिसत आहे.

४. नळीवर एके ठिकाणी कानशीने घासून खूण 'हेतुपुरस्सर नष्ट' केल्याचे आढळले व त्याची चौकशी होईल, असेही अहवालात आहे. चौकशी करायची झाल्यास वडील गावाबाहेरच्या दफनभूमीत भेटतील. हेतू मात्र मी सांगू शकते. वडील एका कानाने बहिरे होते. लष्कराने भावाला घेतले आणि त्यांना परत पाठवले. चुलते गेल्याची तार आल्यानंतर काकू दर शुक्रवारी स्टेशनवर जाऊन "माझ्या नावाचं काही आलंय का?" असे विचारत. दहा वर्षे विचारत होत्या. स्टेशनमास्तर बदलले, काकू बदलल्या नाहीत. गावातली पोरे त्यांना पार्सलबाई म्हणत. आपला अहवाल वाचल्यावर मला कळले की वडिलांनी शहरात जाऊन दुकानातून बंदूक घेतली, कारखान्याचे नाव कानशीने घासले आणि काकूंच्या नावे पार्सल केले. त्यांना सालाचे भान राहिले नाही. मुठीजवळच्या कड्यावर १९४३ कोरलेले आहे, आणि तेव्हा माझे चुलते हयात नव्हते.

५. सबब विनंती की रायफलीची नोंद खोटी का होईना, युद्धस्मृती म्हणून करावी. ते शक्य नसल्यास काकूंना पाठवायच्या पत्रात कारखान्याचा व सालाचा उल्लेख टाळावा. हरवली म्हणावे, चोरीला गेली म्हणावे. चोर म्हणून माझे नाव लिहिण्यास माझी हरकत नाही.

६. महोदय, वरील मजकूर टेबलावर ठेवून मी चहा टाकायला उठले तेवढ्यात तो काकूंनी वाचला. मी नवा कागद घेत होते, पण त्यांनी हात धरला. "खोडू नकोस. जे लिहिलंस ते खरंय," म्हणाल्या. मी रडू लागले तर म्हणाल्या, "अगं वेडाबाई, दर रविवारी पुसते मी तिला. मला त्रेचाळीस वाचता येत नाही असं वाटलं होय तुला?"

मी विचारले, "कधी वाचलंत?"

"पार्सल सोडलं तेव्हाच. क्लॅरी दारात उभा होता, टोपी हातात घेऊन. लेस गेल्यापासून तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता बघ. आपण जिवंत राहिलो, हाच जणू त्याचा गुन्हा. त्या दिवशी पहिल्यांदा वर बघितलं त्यानं. मग मी काय म्हणायचं होतं? म्हटलं, हो रे, लेसचीच आहे."

"आणि स्टेशनवर जायचं थांबलात..."

"ते त्याच्यासाठी थांबले गं. लेसचं काही येणार नाही, हे मला कधीच कळलं होतं. पण न जाऊन करायचं काय होतं मी?"

एवढे बोलून त्यांनी स्वतःच चहा ओतला. वडील काकूंची फसवणूक लपवत गेले आणि काकू ती कळल्याचे लपवत आल्या. मी दोघांच्या मध्ये वाढले आणि मला काहीही दिसले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

७. तरी परिच्छेद ५ मधील विनंती मागे घेत आहे. आपल्या तपासनिसांचा अहवाल अक्षरशः बरोबर आहे. आता मागणी एवढीच की रायफल गोळी उडणार नाही अशी बंद करून काकूंना परत द्यावी. युद्धस्मृतीच्या नमुना अर्जात 'कोणत्या सैनिकाच्या स्मरणार्थ' असा रकाना आहे. त्यात काकूंनी स्वतःच्या हाताने 'क्लॅरेन्स पॅस्को, माझे दीर' असे लिहिले असून, 'कोणत्या लढाईत' यापुढे 'गेले नाहीत' असे लिहिले आहे. अशा माणसासाठी नियमात जागा नाही, हे आम्हा दोघींना माहीत आहे. ती करता येते का, एवढे पाहावे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
नोला क्लॅरेन्स पॅस्को
बरिनगा, दि. १९ मे १९९८

सोबत :
१. तपासनिसांच्या अहवालाची प्रत व काकूंनी भरलेला नमुना अर्ज.
२. १९४२ च्या तारेची प्रत.
३. रायफलीच्या पार्सलावरचा कागद. काकूंनी तो आजवर शिवणाच्या डब्यात जपून ठेवला होता. वरच्या पत्त्याचे अक्षर क्लॅरेन्स पॅस्को यांचे आहे. हा कागद कृपया परत करावा.